मफलर

गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून नाव मफलर.
आम्ही राहतो चारकोपला, सेक्टर आठ,
जिथं जानेवारीतही पंखा तीनवर असतो.

मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, असं विकणारा म्हणाला होता.
मेंढी त्यानं जन्मात पाहिलेली नाही.
रफीकच्या दुकानात उलटा टांगलेला बोकड पाहिलाय,
पण त्यावरून त्याला काही आठवलं असेल
असं वाटत नाही.

त्याला माणसं चालतात.
सोसायटीच्या सभेतून सटकणाऱ्या सावेकाकांची टाच
त्यानं दातांत धरली, चिमट्याइतकीच,
मग म्हात्रेबाईंची, मग खजिनदारांची,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा गणपूर्ती झाली.
इतिवृत्तात त्याचं नाव नाही.

घरातही तेच.
रेणू फोनवर बोलत या खोलीतून त्या खोलीत फिरते,
हा पोटरीशी, खाली मान घालून,
वळत वळत तिला स्वयंपाकघरात आणून सोडतो.
सगळे एका ठिकाणी दिसले की उंबऱ्यावर आडवा होतो
आणि जिन्यावर कान लावून ठेवतो.

हाडांचं वेगळंच.
तिसऱ्या मजल्यावर माती किती असणार?
कढीपत्त्याची कुंडी आठवड्यात भरली.
मग गव्हाच्या पिंपामागे, माझ्या हेल्मेटात,
एकदा सुमेधाच्या नव्या कोऱ्या पैठणीच्या घडीत
(त्या दिवशीचं बोलणं इथं लिहीत नाही).
आणि जागा उरली नाही की सरळ लादीवर.
नळी ठेवतो मधोमध,
नाकानं माती लोटतो,
नसलेली माती, चारी बाजूंनी,
नाकाचा शेंडा लाल होईस्तोवर.
मग मागे सरून बघतो. पुरलं.
हाड आपलं उघडं, ट्यूबलाइटखाली चमकतंय.
आम्ही तिघंही त्याला वळसा घालून जातो.
तशी सवय आहे आम्हाला.

चौथ्या मजल्यावर जयवंतदादा राहतो.
आगाशीच्या वाडीतल्या अकरा गुंठ्यांपासून
सात वर्षं बोलणं नाही.
किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून
तो आमच्या दारावरून उतरतो.
मफलरला तरी कळतंच.
कान उभे. माझ्याकडे बघतो.
दाराकडे. परत माझ्याकडे.
मी पेपर उघडतो.

परवा सिलिंडरवाला आला, दार उघडं राहिलं.
जिन्यात दादाचा आवाज: "अरे! अरे!"
आणि तो आलाच आत. म्हणजे आणला गेला.
एका पायात चप्पल, हातात दुधी,
टाचेशी मफलर.

सुमेधा म्हणाली, "बसा ना भाऊजी."
तो बसला नाही.
"चावतो हा," माझ्याकडे न बघता म्हणाला.
"चावत नाही. वळतो."
सात वर्षांत मी बोललेलं
हे पहिलं वाक्य. याहून बरं काहीतरी
मी मनात कितीदा जुळवून ठेवलं होतं.

मफलर आत गेला.
चपलांच्या रॅकमागची जुनी नळी घेऊन आला,
दादाच्या अनवाणी पावलावर ठेवली
आणि लागला माती लोटायला.
सूं सूं आवाज तेवढा.
सिलिंडरवाला सुट्टे मोजायचा थांबला.

दादाला गुदगुल्या होतात, लहानपणापासून.
त्यानं दुधी छातीशी आवळून धरला,
पण पुरून होईपर्यंत
पाय हलवला नाही.

मग गेला. चहा नको म्हणाला.
दुसरी चप्पल जिन्यातच राहिली होती, उपडी.

रात्री मी ती वर नेऊन ठेवली, बेल न वाजवता.
आत एक हाड होतं.
ते मफलरनं ठेवलं की मी,
हे सुमेधाला अजून सांगितलेलं नाही.